नाव तेच, पत्ता जुना

शिरूर या गावाला दोन नावे आहेत. तालुक्याच्या दप्तरात ते शिरूर. जुन्या पिढीच्या बोलण्यात आणि टपालाच्या पत्त्यावर घोडनदी. शिवाय महाराष्ट्रात शिरूर एकच नाही. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. दौंडची कथाही थोडी अशीच. १८७८ साली मनमाडकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा रेल्वेच्या इंग्रजी कागदांत हे गाव ‘धोंड’ होते. नावांच्या या गर्दीत पत्र योग्य दारी पोहोचावे म्हणून टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आणला. त्याचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. घोडनदीला ४१२२१० हा क्रमांक मिळाला, दौंडला ४१३८०१. माणसाला नाव लक्षात राहते. यंत्रणेला मात्र आकडा लागतो.

संगणकाच्या जगातही नेमके हेच आहे. आपण नाव लिहितो. संगणक त्या नावाचा आकडी पत्ता शोधतो आणि त्या पत्त्यावर जातो. नावावरून पत्ता शोधण्याच्या या क्रियेत चूक झाली तर काय होते, हे या दोन गावांत विभागलेल्या एका व्यापारी कुटुंबाच्या अनुभवावरून समजून घेण्यासारखे आहे. बिघाड एका ओळीचा होता, पण त्यापायी घरात वाटणीचा शब्द निघाला.

पेढी बांधकाम साहित्याची. मोठे बंधू शिरूरला, धाकटे दौंडला. भांडवल एक, जीएसटी क्रमांक एक आणि खातेवहीही एकच. ती शिरूरच्या दुकानातील संगणकावर असते आणि दौंडचे दुकान इंटरनेटवरील संरक्षित जोडणीने तीच वही उघडते. दौंडचा संगणक जुना. तो मोडीत काढण्याऐवजी चार वर्षांपूर्वी त्यावर लिनक्स बसवले. लिनक्सला परवाना शुल्क नाही आणि जुन्या यंत्रावरही ते बरे चालते. चालती वस्तू टाकून नवी घ्यायची नाही, हा विचार आपल्या घरांना नवा नाही.

यंदा पर्युषणाच्या तीन आठवडे आधी शिरूरच्या दुकानाने इंटरनेटची जोडणी बदलली. जुनी तांब्याची तार गेली, फायबर आली. त्या दिवसापासून दौंडला खातेवही उघडेना. पुतण्याने फोन केला, तर मोठ्या काकांनी समोरच्या पडद्याकडे पाहून सांगितले, “अरे, आमच्याकडे तर व्यवस्थित उघडते आहे.” ते खरेच होते, कारण वही त्यांच्याच दुकानात होती. दुसऱ्या दिवशी तेच उत्तर, आठवड्यानंतरही तेच.

मग शब्दांना काटे फुटू लागले. दौंडला धाकटे बंधू जेवताना म्हणाले, “आता हिशेब आपल्याला दिसू नये, अशीच इच्छा दिसते.” शिरूरला मोठे बंधू म्हणाले, “दौंडची विक्री तीन आठवडे वहीत चढलेली नाही. विचारले तर संगणकाचे निमित्त सांगतात.” महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचे थ्री-बी विवरणपत्र भरायचे होते आणि दौंडचे आकडे त्यात येणे आवश्यक होते. १८ तारखेच्या रात्री फोनवर दोघा भावांचे बोलणे चढले. “असे असेल तर वेगळे झालेले बरे,” हे वाक्य कोण आधी बोलले, यावर पुढेही दोघांचे एकमत झाले नाही.

शिरूरच्या सूनबाई वाणिज्य शाखेच्या पदवीधर, दुकानाचे हिशेब त्याच पाहतात. सासऱ्यांच्या हातातला फोन ठेवला जाण्याआधीच त्या म्हणाल्या, “पप्पा, एकदा मला भाऊजींशी बोलू द्या. तेरीज जुळली नाही तर आपण आधी माणसावर संशय घेतो का? आधी बेरजा तपासतो.” त्यानंतरचा पाऊण तास फोनवर जे चालले, ते प्रत्येक दुकानाने समजून घ्यावे असे आहे.

पहिला प्रश्न होता, रस्ता चालू आहे का? त्यांनी दौंडच्या पुतण्याला लिनक्समधील टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी, उघडायला सांगितली. तेथे रोमन लिपीतील लहान अक्षरांत ‘पिंग’ आणि त्यापुढे १.१.१.१ हा पत्ता लिहायचा. हा जगभर सर्वांना खुला असलेला एक पत्ता आहे आणि त्यात नाव कोठेच नाही. उत्तर आले तर तार, राउटर आणि इंटरनेट शाबूत आहेत, असा अर्थ होतो. दौंडला उत्तर आले.

दुसरा प्रश्न होता, नावे कळतात का? जीएसटीचे संकेतस्थळ उघडून पाहिले, उघडले. येथे अडथळा आला असता तर संदेशाचे शब्द नीट वाचायचे असतात. ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ असे आले, तर पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरपर्यंत आपला प्रश्न पोहोचत नाही किंवा त्याचे उत्तर येत नाही. ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ असे आले, तर बहुधा त्या नावाची नोंदच सापडत नाही. अशा वेळी आधी आपण लिहिलेल्या नावातील अक्षरे तपासावीत. पहिल्या प्रकारात दोष सर्व्हरच्या नेमणुकीत असतो, दुसऱ्यात नावात. धनादेश परत आला तर व्यापारी आधी परतीचे कारण वाचतो. संगणकाचा संदेश मात्र न वाचताच बंद करण्याची सवय अनेकांना असते.

तिसरा प्रश्न होता, फक्त आपल्याच पेढीचे नाव अडते का? त्यांनी ‘पिंग’ पुढे पेढीच्या जोडणीचे नोंदवलेले नाव लिहायला सांगितले. पुतण्या म्हणाला, “वहिनी, काहीच उत्तर येत नाही.” त्या म्हणाल्या, “उत्तर येऊ नये असाही बंदोबस्त पुष्कळ राउटरवर असतो, त्यावर जाऊ नका. पहिल्या ओळीत नावापुढे कंसात आकडे दिसतात, ते मला वाचून दाखवा.” त्याने वाचले. सूनबाईंनी नव्या जोडणीच्या कागदावर पाहिले. आकडे वेगळे होते. जुन्या जोडणीच्या पावतीवर पाहिले. तेथे ते जसेच्या तसे होते.

येथे निम्मे कोडे सुटले. दौंडचा संगणक नाव बरोबर घेत होता, पण जात होता जुन्या पत्त्यावर. आता प्रश्न एवढाच उरला, की हा जुना पत्ता त्याला सांगतो कोण?

त्यासाठी लिनक्स पत्ता कोणत्या क्रमाने शोधते, ते माहीत हवे. ‘इटीसी’ नावाच्या कप्प्यात ‘एनएसस्विच’ नावाची फाइल असते, तिच्यातील ‘होस्ट्स’ या ओळीत हा क्रम लिहिलेला असतो. बहुतेक संगणकांवर त्यात आधी ‘फाइल्स’ आणि नंतर ‘डीएनएस’ असते. म्हणजे संगणक आधी स्वतःच्या घरची टिपणवही पाहतो; तिच्यात नाव नसेल तरच बाहेर विचारतो. घरची टिपणवही म्हणजे त्याच कप्प्यातील ‘होस्ट्स’ नावाची छोटी फाइल. बाहेर कोणाला विचारायचे, याचा निर्देश ‘रिझॉल्व्ह’ नावाच्या फाइलमध्ये असतो. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये तेथे १२७.०.०.५३ असा पत्ता दिसतो. तो पाहून घाबरू नये. तो संगणकाच्या आतच बसलेल्या निरोप्याचा पत्ता आहे आणि तो निरोप्या पुढे खऱ्या सर्व्हरला विचारतो. तो कोणाला विचारतो आहे, हे ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ या आज्ञेने कळते. ही दुसरी फाइल हाताने बदलू नये, कारण यंत्रणा ती पुन्हा स्वतःच लिहिते. सर्व्हर बदलायचा असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमधून बदलावा.

सूनबाईंनी पुतण्याकडून दोन आज्ञा लिहून घेतल्या. पहिली ‘गेटएंट होस्ट्स’ आणि पुढे पेढीचे नाव. संगणक स्वतःच्या ठरलेल्या क्रमाने, म्हणजे घरची वही धरून, शेवटी कोणत्या पत्त्यावर येतो, ते ही आज्ञा सांगते. उत्तरात जुना पत्ता आला. दुसरी आज्ञा ‘डिग’, तीत ‘@१.१.१.१’ लिहून पेढीचे नाव. ही आज्ञा घरची वही आणि आतला निरोप्या या दोघांना बाजूला ठेवून बाहेरच्या सर्व्हरलाच थेट विचारते. उत्तरात नवा पत्ता आला. बाहेरच्या जगाला नवा पत्ता ठाऊक होता. फक्त या एका संगणकाला नव्हता. याचा अर्थ दोष घरच्या वहीत असण्याचीच शक्यता मोठी.

‘होस्ट्स’ फाइल उघडली. वरच्या दोन-तीन ओळी यंत्रणेच्या होत्या, ‘लोकलहोस्ट’ आणि संगणकाच्या स्वतःच्या नावाच्या. त्यांना हात लावायचा नसतो. सर्वांत खाली एक ओळ होती: आधी जुना पत्ता, पुढे पेढीचे नाव.

ती ओळ चार वर्षांपूर्वी जोडणी करून देणाऱ्या तंत्रज्ञाने लिहिली होती. तेव्हा नवीन घेतलेले नाव दोन-तीन दिवस कोठेच उमटत नव्हते आणि दुकानाचे काम अडले होते. त्याने सरळ टिपणवहीत पत्ता लिहून काम चालू करून दिले. त्या दिवशी ते योग्यच होते, आणि पत्ता बदलला नाही तोवर कोणाला ती ओळ आठवण्याचे कारणही नव्हते. फायबर आल्यावर सूनबाईंनी नावाच्या नोंदीत नवा पत्ता भरला. त्यांना वाटले काम पूर्ण झाले. “चूक माझीही आहे, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “पत्ता बदलल्याचे मी नोंदीत लिहिले, पण तुम्हाला सांगितले नाही.”

आधी फाइलची एक प्रत काढून ठेवली. मग प्रशासकाच्या अधिकाराने फाइल उघडून त्या ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह घातले. त्यामुळे ओळ पुसली जात नाही, पण निष्क्रिय होते. चुकीची नोंद खोडून न टाकता तिच्यावर रेघ मारून ठेवावी, तसे. पुन्हा ‘गेटएंट’ विचारले आणि नवा पत्ता आला. खातेवही उघडली. रात्री पावणेअकरा वाजता दौंडची तीन आठवड्यांची विक्री चढू लागली आणि १९ तारखेच्या दुपारपर्यंत आकडे जुळले.

ही टिपणवही मुळात आली कोठून, हेही जाणून घेण्यासारखे आहे. इंटरनेटच्या पूर्वजात, म्हणजे अमेरिकेतील ‘आर्पानेट’मध्ये, सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ती ठेवली जाई आणि इतर सर्वजण तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही एकच वही अपुरी पडू लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. नावांची जबाबदारी वाटून दिली गेली आणि प्रत्येक नावाचा धनी आपापली नोंद सांभाळू लागला. जुनी फाइल मात्र प्रत्येक संगणकात लहान रूपाने टिकून राहिली, आणि आजही तिचा शब्द बहुधा आधी ऐकला जातो.

दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. डीएनएसच्या प्रत्येक उत्तराला मुदत असते. अमुक सेकंद हे उत्तर लक्षात ठेवा, मग पुन्हा विचारा, असे त्यातच लिहिलेले असते. टिपणवहीतील ओळीला मुदत नाही. कोणी खोडत नाही तोपर्यंत ती खरीच मानली जाते.

बँकेच्या व्यवहारात हे दुःख अनेक व्यापाऱ्यांनी सोसले आहे. १ एप्रिल २०२० रोजी सरकारी बँकांचे मोठे विलीनीकरण झाले. ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनलमध्ये गेल्या, सिंडिकेट कॅनरामध्ये, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत. पुढे यथावकाश शाखांचे जुने आयएफएस कोड बंद झाले. देणेकरी तोच, शाखेची जागा तीच; पण लाभार्थींच्या यादीत साठवलेला जुना कोड कोणी बदलला नव्हता, आणि रक्कम अडली की पहिला संशय माणसावर गेला.

याची उलट बाजूही अलीकडेच पाहायला मिळाली. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाद्वारे सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली नेण्यास सांगितले. हे नाव फक्त बँकांनाच मिळते आणि त्याची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे आहे. बनावट संकेतस्थळे ओळखणे सोपे व्हावे हा त्यामागचा हेतू. पण नावाची ही शिस्त पाळूनही आपल्याच संगणकाच्या टिपणवहीत कोणी त्या नावापुढे भलता पत्ता लिहिला, तर नाव खरे आणि दार परके, असा प्रकार होऊ शकतो. घातक प्रोग्राम नेमकी हीच फाइल बदलतात. म्हणून बँकेचे किंवा शासनाचे नाव या फाइलमध्ये कधीही लिहू नये, आणि कोणी लिहून दिलेले आढळले तर ते संशयास्पद समजावे. ब्राउझरने प्रमाणपत्राविषयी इशारा दिला तर तो डावलून पुढे जाऊ नये. पेढीचा सोडून दिलेला जुना पत्ताही उद्या दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मग आपला संगणक अनोळखी दारावर जाऊन आपला संकेतशब्द पुटपुटत राहील.

आणखी दोन लहान गोष्टी दुकानदारांना उपयोगी पडतील. लिनक्स संगणकाचे स्वतःचे नाव बदलले आणि ‘होस्ट्स’ फाइलमध्ये ते बदलायचे राहिले, तर प्रशासकाची आज्ञा देताना ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ असा संदेश येतो. फाइलमधील १२७.०.१.१ या ओळीत नवे नाव लिहिले की तो जातो. दुसरे असे, की ज्या नावाच्या शेवटी ‘डॉट लोकल’ असते, ते एकाच दुकानातील जाळ्यात चालते; शिरूरचे तसे नाव दौंडला ओळखू येत नाही. घरात ‘नाना’ म्हटले की सर्वांना कळते, परगावच्या पोस्टमनला कळत नाही, तसेच हे आहे.

आपल्या तत्त्वज्ञानात वस्तूचा विचार नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव या चार निक्षेपांनी करायला सांगितला आहे. जो पूर्वी राजा होता त्याला आजही राजा म्हणणे हा द्रव्यनिक्षेप. जो आज, या क्षणी राज्य करतो त्याला राजा म्हणणे हा भावनिक्षेप. दोन्ही बोलण्यांना आपापल्या जागी अर्थ आहे. घोटाळा होतो तो पहिल्याला दुसरे समजल्याने. दौंडच्या संगणकाने पूर्वी जो पत्ता होता तो आजचा मानला. दोघा भावांनीही एकमेकांबद्दल तसेच काही केले. कोणे एके काळच्या जुन्या कुरबुरींची ओळ मनाच्या वहीत तशीच राहिली होती आणि नव्या प्रसंगी आधी तीच वाचली गेली.

संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपल्यावर शिरूरहून दौंडला फोन गेला. ‘मिच्छामि दुक्कडम्’ दरवर्षी म्हटले जाते. यंदा ते म्हणताना मोठ्या भावाचा आवाज थोडा अडखळला. धाकटे बंधू म्हणाले, “दादा, राहू द्या. ओळ खोडली ना?”

दिवाळीनंतर ज्ञानपंचमीला आपण ग्रंथांवरील धूळ पुसतो, त्यांची पूजा करतो. त्याच दिवशी दुकानातील प्रत्येक संगणकाची ‘होस्ट्स’ फाइल एकदा उघडून वाचावी. जी ओळ कोणी, कधी आणि का लिहिली हे सांगता येत नाही, तिच्याविषयी जाणकाराला विचारावे. आणि यापुढे अशी ओळ लिहावीच लागली, तर तिच्या वर हॅशचे चिन्ह घालून तारीख, कारण आणि लिहिणाऱ्याचे नाव नोंदवावे. रोजमेळात तपशिलाशिवाय रक्कम कोणी लिहीत नाही. मग येथेच का लिहावी?